तिसरं पाणी

३ मार्च, सोमवार. दिवस पहिला.

ही वही ताईने दिली. बस सुटता सुटता खिडकीतून आत कोंबली आणि म्हणाली, "रोज लिही. पळून यायच्या आदल्या दिवशी तुझ्या डोक्यात काय असतं, ते एकदा तरी आम्हाला वाचू दे."

भावोजी मागे उभे राहून मिशीला पीळ देत होते. त्यांनी सगळ्यांदेखत पैज लावली आहे. हा पठ्ठ्या एका जागी शंभर दिवस टिकला तर मिशी काढीन. मिशी एकवीस वर्षांची आहे, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. म्हणजे भावोजींना किती खात्री असेल बघा.

त्यांचं काही चुकत नाही. सातवीत शाळेला रामराम ठोकला तेव्हापासून आठ कामं झाली. बेकरी, टायरचं दुकान, लिफ्टला ग्रीस, बाकीची आठवून लिहीन. सगळ्यात जास्त टिकलो लाकडाच्या वखारीत, एकसष्ट दिवस. त्यातले वीस दिवस पाय प्लास्टरमध्ये होता म्हणून. ताई मला भिंगरी म्हणते.

तर नववं काम. दोन दिवसांचा प्रवास करून कशासाठी आलो, तर काचेच्या बाटल्या धुवायला! आईला सांगितलंय, "प्रयोगशाळेत लागलो." खोटं थोडंच आहे? तीन महिने कच्चं, मग ठेवायचं की नाही ते ठरणार. त्यांचंही आणि माझंही.

५ मार्च, बुधवार. दिवस तिसरा.

मोरीच्या वर भिंतीवर कागद आहे. धुण्याच्या पायऱ्या. शेवटची ओळ जाड अक्षरांत : "डिस्टिल्ड पाण्याने तीन वेळा विसळून उपडे घालणे." विसळणे म्हणजे बुडवलं आणि काढलं, असं मी आजवर समजत होतो. इथे विसळणे म्हणजे चंबू अर्धा भरायचा, तोंडावर अंगठा, दहा वेळा हलवायचा, ओतायचा. मग दुसरं पाणी. मग तिसरं. आणि डिस्टिल्ड पाण्याची धार करंगळीएवढी. एक चंबू भरेस्तोवर माणसाची दाढी वाढते.

ज्यांच्यासाठी धुतो त्या मॅडम चाळिशीच्या, बारक्या, आणि सतत चंबूवर नखाने टकटक करतात. वहीपुरतं त्यांचं नाव टकटक मॅडम. मला "तुम्ही" म्हणतात. आधी मी मागे वळून पाहिलं, कुणाला म्हणतायत म्हणून.

आज त्यांच्या हातातल्या चंबूकडे बोट दाखवून विचारलं, "हे चहासारखं काय आहे?"

"गंज."

"गंज?"

"लोखंडाचा. फक्त फार बारीक केलेला. तुमच्या एका केसाच्या जाडीत दहा-पंधरा हजार कण शेजारी शेजारी बसतील."

"मोजले कुणी?"

त्या हसल्या. पण मग नीट सांगितलं. शेजारच्या इस्पितळात ते बोगद्यासारखं यंत्र आहे ना, एमआरआय, माणसाला आत सरकवतात आणि आतलं चित्र काढतात, तो सगळा लोहचुंबकाचा खेळ. काही वेळा चित्र उठून दिसावं म्हणून आधी शिरेत औषध टोचतात. पण ज्यांची मूत्रपिंडं पार थकलेली आहेत, त्यांना ते द्यायला डॉक्टर कचरतात. लोखंड अंगाला ओळखीचं. म्हणून मॅडमना गंजाचं औषध करायचंय. कण सुटे सुटे राहिले तर चित्र उजळ. एकमेकांना चिकटून गोळा झाले तर काळंकुट्ट. त्यांचे दर वेळी गोळा होतात. त्याला त्यांनी एक भलामोठा शब्द वापरला.

मी म्हटलं, "नासतं म्हणजे. दुधासारखं."

त्या थांबल्या. म्हणाल्या, "हो. नासतं."

चंबूत एक पांढरी गोळी टाकतात आणि खालचं यंत्र चालू केलं की ती गरगर फिरत राहते. "भिंगरी!" मी ओरडलोच. तिचं नाव ठेवून टाकलं.

१० मार्च, सोमवार. दिवस आठवा.

इथल्या नळाच्या पाण्याने काचेवर पांढरे डाग पडतात. मॅडम उजेडात धरतात आणि भुवई वर करतात. बोलत काही नाहीत, पण भुवई पुरते. डाग काढायचं खरं ॲसिड मला द्यायला बंदी. त्यासाठी आधी दोन दिवसांचं शिक्षण लागतं, आणि तो वर्ग म्हणे पावणेदोन महिन्यांनी.

मग कुलूपकाकांकडे गेलो. हे भांडारवाले. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, तोंडाला कुलूप, म्हणून कुलूपकाका. पन्नाशी उलटलेले, चेहरा कायम सुजलेला.

"काका, डाग जात नाहीत."

"मग नजर कमी कर."

पण थोड्या वेळाने स्वतःच आले आणि एक पुडकं दिलं. लिंबूसत्त्व. "गरम पाण्यात घाल, चंबू बुडवून ठेव. काच हसायला लागेल. आणि हे यादीत नाही, तेव्हा मी दिलेलं नाही आणि तू घेतलेलं नाहीस."

काच खरंच हसली. मॅडमची भुवई जागेवर राहिली.

१४ मार्च, शुक्रवार. दिवस बारावा.

आज पाचला मॅच. सव्वाचारला अजून अठरा चंबू लिंबाच्या पाण्यात बसलेले. अठरा गुणिले तीन पाणी गुणिले करंगळीएवढी धार. हिशेब माझा कच्चा आहे, पण मॅच बुडणार एवढा पक्का आला. उचलले एकेक, दिला एकेक हिसडा, घातले उपडे. चकचकत होते. कुणाच्या बापाला कळायचं नाही.

मॅच हरलोच.

१८ मार्च, मंगळवार. दिवस सोळावा.

टकटक मॅडम आज धावल्या! सोमवारी गंज करतात आणि रात्रभर ठेवून मंगळवारी बघतात. दर वेळी तळाशी गाळ बसलेला असतो. आज चंबू पारदर्शक, मधासारखा. खाली वर्तमानपत्र धरून त्यातून बातमी वाचून दाखवली मला. बातमी कसलीच नव्हती, कुठेतरी पूल दुरुस्त होणार वगैरे, पण त्यांनी ती अशी वाचली की पूल त्यांच्याच अंगणात होणार.

"साखरेचा लेप बसला एकदाचा!" म्हणाल्या. कणांना साखरेच्या जातीतल्या कशाचा तरी लेप देतात, चिकटू नयेत म्हणून. सहा महिने तो बसत नव्हता.

मी पण उगाच खूश. चंबू आपले ना.

२१ मार्च, शुक्रवार. दिवस एकोणिसावा.

इस्पितळातलं यंत्र दुपारी रिकामं असतं तेव्हा मॅडमनी बारक्या नळ्या भरून आत सरकवल्या. मला नळ्या उचलायला नेलं. खिसे रिकामे करायला लावले. पट्ट्याचं बक्कलसुद्धा. मी पँट धरून उभा. पडद्यावर नळ्यांची टोकं गोल गोल दिसली. आधीच्या सगळ्या काळ्या, कोळशाच्या टिकल्या. आणि शेवटची, मंगळवारची, पांढरीशुभ्र. चंद्रच.

एवढ्या बारीक गंजाचा एवढा उजेड. मला कसंतरीच झालं. असं आठ कामांत कधी झालं नव्हतं. टायरमध्ये कसला चंद्र!

परत आलो आणि सोमवारचे चंबू धुवायला घेतले. तीन नाही, चार पाणी केली. पाच वाजून गेले तरी धुतच होतो. आपल्यामुळे काही बिघडायला नको.

२५ मार्च, मंगळवार. दिवस तेविसावा.

नासलं. तळाशी हा एवढा गाळ. मॅडमनी दोनदा टकटक केलं आणि चंबू खाली ठेवला. मला फार वाईट वाटलं. एवढं चार पाण्यांनी धुतलं होतं.

२८ मार्च, शुक्रवार. दिवस सव्विसावा.

चाललो मी. बास झालं. रोज तीच मोरी, तीच धार, तोच कागद. सकाळी कुलूपकाका म्हणाले, "ब्रश किती झिजवतोस रे, दात घासतोस का त्याने?" एवढंच निमित्त. पायांना मुंग्या आल्या. मुंग्या आल्या की मी कुणाचा नसतो.

तीनला चंबू लिंबाच्या पाण्यातून नुसते काढून उपडे घातले आणि बसस्थानक गाठलं. खिडकीसमोर ही रांग. पुढे एक बाई तीन पिशव्या आणि एक रडकं पोर घेऊन. पोराला म्हणत होती, "उभा राहा जरा एका जागी, पायात काय स्प्रिंग आहे?" ताईच बोलल्यासारखी. मी रांगेतून बाहेर आलो. चहा घेतला आणि खोलीवर येऊन हे लिहितोय.

रांग मोठी होती म्हणून, बाकी काही नाही.

१ एप्रिल, मंगळवार. दिवस तिसावा.

मॅडम ओरडल्या, "नासलं नाही!" मला वाटलं आजच्या तारखेची गंमत करतायत. पण खरंच मधासारखं. पुन्हा वर्तमानपत्र, पुन्हा बातमी.

आता उत्साहाने ठरवलंय, धुण्यात कसूर करायची नाही. परवाचं बसस्थानक डोक्यातून काढून टाकलं. चार पाणी म्हणजे चार पाणी.

१५ एप्रिल, मंगळवार. दिवस चव्वेचाळिसावा.

पुन्हा गाळ. आणि गेल्या मंगळवारीही. मॅडमनी आज सगळं तपासायला काढलं. साखर, लोखंड, तराजू, थर्मामीटर. भिंगरीसुद्धा बदलली, बिचारीचा काय दोष. मग माझ्याकडे आल्या.

"धुण्यात काही बदल होतो का तुमच्या? कधी एक, कधी एक?"

"नाही मॅडम. अगदी कागदाप्रमाणे."

लगेच बोलून गेलो. मॅच आठवली, बसस्थानक आठवलं, पण ते दोनच वेळा, आणि त्याने तर काही नासलं नव्हतं. ज्या दिवशी नासलं तेव्हा मी उलट जास्त धुतलं होतं. म्हणजे खोटं बोललो, पण नुकसान नसलेलं.

लिंबूसत्त्वाचं काही बोललो नाही. ते मी घेतलेलंच नाही ना.

२५ एप्रिल, शुक्रवार. दिवस चोपन्नावा.

ताईचा फोन. एक तास दहा मिनिटं.

"अरे, चोपन्न! भावोजी तुझे आरशासमोर जास्त वेळ उभे राहायला लागलेत."

"त्यांना सांग, सवय करून घ्या चेहऱ्याची."

"खरं सांग, आवडतंय का तुला?"

"बाटल्या धुणं कुणाला आवडेल?"

"मग तासभर गंजाबद्दल का बोलतोयस?"

मी घड्याळ बघितलं. फोन ठेवला तोवर पाच. कुलूपकाका किल्ल्या वाजवत दारात. चंबू हिसडून उपडे घातले आणि निघालो.

२९ एप्रिल, मंगळवार. दिवस अठ्ठावन्नावा.

साधलं! तिसऱ्यांदा. मॅडम नाचल्या नाहीत या वेळी. चंबूकडे बघत बसल्या. "का?" एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, "साधलं ना, मग का कशाला?" त्या म्हणाल्या, "का कळलं नाही तर ते माझं नाही."

९ मे, शुक्रवार. दिवस अडुसष्टावा.

आज फार वाईट गोष्ट ऐकली. ऐकायची नव्हती, पण मी टेबलाखाली सांडलेलं पुसत होतो आणि प्रयोगशाळेचे मोठे साहेब आत आले. तीस तारखेला समिती येणार, काम पुढे चालू ठेवायचं की बंद करायचं ते ठरवायला.

साहेब म्हणाले, "मार्चपासून दहा वेळा केलंत, तीनदा जमलं. आणि का जमलं ते तुम्हालाच सांगता येत नाही. समितीतले एक जण मला सरळ म्हणाले, तीन नळ्या बाहेरून आणून ठेवल्या असतील."

"तुम्हाला काय वाटतं?" मॅडम.

"मला काय वाटतं याचा प्रश्न नाही."

"म्हणजे वाटतं."

साहेब गेले. मॅडमनी टकटक केलं नाही. चंबू हातात धरून नुसत्या उभ्या. मी टेबलाखालीच बसून राहिलो. मांडीला मुंग्या आल्या, पण या वेगळ्या.

या बाई वर्तमानपत्रातल्या पुलाच्या बातमीतसुद्धा शब्द बदलत नाहीत, आणि त्या नळ्या आणून ठेवणार!

११ मे, रविवार. दिवस सत्तरावा.

दुपारी करायला काही नव्हतं म्हणून वही पहिल्यापासून वाचली. माझं अक्षर मलाच लागत नव्हतं. पंचवीस एप्रिलला अडलो. हिसडून उपडे घातले. पुढचं पान : साधलं. मग मागे गेलो. अठ्ठावीस मार्च, बसस्थानक. पुढे : नासलं नाही. चौदा मार्च, मॅच. पुढे : मधासारखं.

चहा गार झाला.

बाकीचे मंगळवार पाहिले. चार पाणी, नासलं. चार पाणी, नासलं. जेवढा मी शहाण्यासारखा वागलो, तेवढं मॅडमचं वाटोळं. आणि ज्या तीन दिवशी कामचुकारपणा केला, त्या तीन दिवशी चंद्र.

लिंबूसत्त्व! ते चंबूत राहत होतं. दिसत नव्हतं, पण होतं.

आता? सांगितलं तर पहिलं हे बाहेर येणार की कागदाप्रमाणे धुतलं नाही. दुसरं, विचारलं तेव्हा खोटं बोललो. तिसरं, यादीत नसलेलं वापरलं. तीन पाण्यांत माझी नोकरी विसळून उपडी. आणि न सांगितलं तर मॅडम खोट्या ठरणार.

गंमत बघा, आज पळून जायचं म्हटलं तर सगळ्यात सोपं. आणि पायांना मुंग्याच येईनात.

१३ मे, मंगळवार.

कुलूपकाकांना सांगितलं. आधी त्यांना विचारायला नको? पुडकं त्यांचं.

ते स्टुलावर बसले. "माझं नाव घेऊ नकोस. नोकरीची तीन वर्षं राहिलीत."

"बरं."

"कुठून आणलंस म्हणून विचारलं तर?"

"दुकानातून. स्वतःच्या डोक्याने."

"तुझ्या डोक्याने! कोण विश्वास ठेवेल?"

मी निघालो तर म्हणाले, "थांब रे. ते औषध कुणासाठी चाललंय म्हणालास?"

"ज्यांची मूत्रपिंडं थकलीत."

काकांनी बाही वर केली. कोपराच्या आत दोरखंडासारखी फुगलेली शीर. "आठवड्यातून तीनदा सकाळी जातो मी. रक्त गाळून घ्यायला. मागच्या वर्षी त्या बोगद्यात घातलं मला. औषध टोचता येत नाही म्हणाले, चित्र अर्धवट आलं. अर्धवटच वाचलं त्यांनी." मग बाही खाली. "किती दिवस लागतील तुझ्या मॅडमला?"

"माणसापर्यंत यायला दहा वर्षं म्हणतात."

"दहा वर्षं! म्हणजे मला काही उपयोग नाही."

किल्ल्या चाचपत बसले. मग म्हणाले, "घे माझं नाव. पुडकं मी दिलं म्हणून सांग. तुझं कुणी खरं मानणार नाही, माझ्याकडे निदान पुडकं आहे."

१४ मे, बुधवार.

मॅडम विचारतील कुठल्या तारखेला काय, आणि मी तोंडाने सांगितलं तर ती गोष्ट होईल. पुरावा एकच आहे, ही वही. पण यात टकटक लिहिलंय. बसस्थानक आहे. भावोजींची मिशी आहे. पानं फाडून देऊ का? पण फाडलेली पानं बघून समितीतला तो माणूस काय म्हणेल ते मी टेबलाखालून ऐकलंय.

सगळीच देतो. ताई, तू मला वही दिलीस ती तुझ्यासाठी आणि वाचणार कोण बघ.

१९ मे, सोमवार. (पाठकोऱ्या कागदावर. वही मॅडमकडे आहे.)

क्रमाने लिहितो.

बुधवारी वही टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "मॅडम, मी खोटं बोललो होतो. यात खरं आहे." आणि जाऊन मोरीपाशी उभा राहिलो. नळ उघडा ठेवला, काही ऐकू येऊ नये म्हणून. अर्ध्या तासाने हाक आली.

वही उघडी होती. मॅडमनी आपली जाड नोंदवही शेजारी ठेवून बोटाने तारखा जुळवल्या होत्या. चेहरा लाल.

"लिंबूसत्त्व," म्हणाल्या. "लिंबूसत्त्व! अहो, हे तर पाठ्यपुस्तकात असतं. ते कणाला चिकटतं, प्रत्येक कण दुसऱ्याला दूर ढकलतो. मला माहीत आहे हे. मी शिकवते हे! पण मला साखरच हवी होती, नुसती साखर. हट्ट माझा."

"म्हणजे सगळ्यांची तोंडं आंबट, म्हणून कुणी कुणाजवळ जात नाही?"

"तसंच."

"आणि वर साखर."

"वर साखर."

"मग हे सरबतच झालं की!"

मॅडम हसत सुटल्या. हसता हसता थांबल्या आणि आवाज एकदम बदलला. "एप्रिलमध्ये विचारलं होतं मी तुम्हाला. तोंडावर नाही म्हणालात. एक महिना गेला माझा."

"हो मॅडम."

त्यांनी नोंदवहीतलं एप्रिलचं पान उलटलं. बेकरीच्या मालकाने कानाखाली दिली होती ती यापेक्षा बरी होती.

गुरुवारी कामाला लावलं. सहा चंबू चोरधुणं, सहा कागदाप्रमाणे. चोरधुणं हा शब्द त्यांचाच. बुडाशी खूण मी करायची, कुठलं कुठलं ते मॅडमना सांगायचं नाही. खुणांची चिठ्ठी पाकिटात घालून मोठ्या साहेबांकडे. शुक्रवारी सगळ्यांत एकसारखा गंज केला. आज साहेबांसमोर पाकीट फोडलं.

त्याआधी मॅडमनी बारा चंबूंखाली एकेक करून वर्तमानपत्र धरलं. सहांतून बातमी वाचता आली. सहांत गाळ.

साहेबांनी चिठ्ठी वाचली, चंबू उलटे करून खुणा पाहिल्या. बाराही बरोबर. मग माझ्याकडे पाहिलं. "चोरधुणं म्हणजे नक्की काय?"

मी म्हटलं, "साहेब, मॅच असली की जे करतात ते."

२३ मे, शुक्रवार.

वही परत मिळाली. कोऱ्या जागेत पेन्सिलने एक ओळ : "माझं नख खरंच इतकं वाजतं?" बाकी कशालाच हात लावलेला नाही.

आता हिसडा वगैरे बंद. तीन पाण्यांनी धुतलेल्या स्वच्छ चंबूत मॅडम लिंबूसत्त्व तोलून टाकतात. मुंगीच्या डोक्याएवढं. कमी पडलं तर नासतं, जास्त झालं तर साखर बसत नाही. आठवडाभर तेच बघतायत, किती म्हणजे नेमकं किती. मी चिडवलं, "मॅच बघून मी बरोबर तेवढंच ठेवत होतो." म्हणाल्या, "तुम्ही नशीबवान होतात. समितीला नशीब लिहून देता येत नाही."

३० मे, शुक्रवार.

समिती आली. पाच जण. सगळ्यांचे बूट चकचकीत, डिस्टिल्डने धुतल्यासारखे. मला बाहेर बाकावर बसवलं होतं. कुलूपकाका शेजारी, आज गाळायचा दिवस असून तिथून सरळ इथे आलेले. हातावर पट्टी तशीच.

मग आत बोलावलं. त्यातल्या एकाचं नाक वर, नळ्या बाहेरून आणल्याचं साहेबांना म्हणाले ते हेच असणार. विचारलं, "ही तुमची वही?" तिची छायाप्रत होती त्यांच्यापुढे. मॅडमनी आधी माझी परवानगी घेतली होती आणि मिशीचं पान वगळू का विचारलं होतं. मी म्हटलं राहू दे.

"हो साहेब."

"यात तुम्ही कामचुकारपणा केल्याचं लिहिलंय. स्वतःबद्दल असं का लिहिलंत?"

"कुणी वाचेल असं वाटलं नव्हतं."

पाचही जण हसले. ते नाकवालेसुद्धा. ते म्हणाले, "मग ही वही खोटी असायचं काही कारण दिसत नाही." आणि खाली काहीतरी लिहिलं.

काम दोन वर्षं पुढे चालू. माझ्या नोकरीच्या कागदावर साहेबांनी सही केली पण आधी पाच मिनिटं झापलं. पक्का झालो ते धुणारा म्हणून, अजून एक ओळ जोडून : "धुण्याची नोंदवही ठेवणे." म्हणजे आता दोन वह्या. एक त्यांची, एक ही. कुलूपकाकांना यादीत नसलेला माल दिल्याबद्दल लेखी समज मिळाली. ती त्यांनी भांडाराच्या दाराला आतून चिकटवली आहे. शेजारी नवी यादी. त्यात लिंबूसत्त्व.

जाताना मॅडम म्हणाल्या, "अरे, सोमवारी लवकर ये."

दाराबाहेर आल्यावर लक्षात आलं. अरे म्हणाल्या.

१२ जून, गुरुवार.

बरेच दिवस इथे लिहिलं नाही. धुण्याच्या वहीत रोज लिहावं लागतं, मग हात दुखतो. काम खूप आहे. दिवसाला चाळीस चंबू. डिस्टिल्डच्या यंत्राला दुसरी तोटी बसवून घेतली, मीच मागे लागून. आता धार अंगठ्याएवढी.

सकाळी ताईने फोनवर फोटो पाठवला. ताई हसतेय आणि शेजारी एक अनोळखी गृहस्थ उभे. ओठ लांबलचक, चेहरा उन्हात न गेलेल्या भिंतीसारखा. पाहुणे असतील म्हणून मी चंबू धुवायला गेलो. दुपारी पुन्हा उघडला तेव्हा खाली लिहिलेलं दिसलं : "शंभर झाले परवा. विसरलास ना?"

विसरलो होतो. मोजायचंच राहून गेलं.

मॅडमना फोटो दाखवला. त्यांनी नीट उजेडात धरला, सवयीने.

"हे कोण?"

"भावोजी. मिशीवाले. पानावरचे."

मॅडमनी भुवई वर केली, फोनच्या काचेवर दोनदा टकटक केलं आणि म्हणाल्या, "तीन पाण्यांत विसळल्यासारखे दिसतायत रे."